लकवा, फिट, नस… ठरलेल्या शब्दांनी रजिस्टर भरून अकरा महिने झाले, तो अनुभव

मागच्या जुलैपासून आमच्या दवाखान्यात ठरलं की पेशंटची तक्रार अन निदान ज्याच्या त्याच्या मनानं लिहायचं नाही, ठरलेला शब्द आणि त्याचा कोड लिहायचा. रजिस्टर माझ्याकडं असल्यानं काम माझ्यावर आलं. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला आमचा वीस खाटांचा दवाखाना आहे, सीटी स्कॅन नाही, मेंदूचे डॉक्टर महिन्यातून एक दिवस येतात. त्या एका दिवसात त्यांनी रजिस्टर उघडलं की कोणाला आधी बघायचं ते कळलं पाहिजे, यासाठीच हा सगळा खटाटोप. अकरा महिने रोज वापरलं म्हणून लिहिते आहे, कारण सुरुवातीला मी पण शोधलं होतं की कोणी लहान गावातल्या माणसानं वापरून काही लिहिलंय का, तर मला काही सापडलं नाही.

आम्ही दोन गोष्टी वापरतो. ओपीडीच्या सॉफ्टवेअरमध्ये स्नोमेड सीटी आहे, म्हणजे वैद्यकीय शब्दांची कोडसकट जागतिक यादी, आणि महिन्याच्या मोजणीला डब्ल्यूएचओचं आयसीडी-११, म्हणजे आजारांची वर्गवार यादी. भारत २०१४ पासून स्नोमेडचा सभासद देश आहे, त्यामुळं आपल्याला त्याचे पैसे लागत नाहीत, त्याचं देशाचं केंद्र पुण्याला सीडॅक या सरकारी संगणक संस्थेत आहे. आयसीडी-११ चं कोडिंग टूल तर साध्या ब्राऊझरमध्ये उघडतं, लॉगिन नाही काही नाही, अर्धा शब्द टाकला तरी यादी येते. दोन्हीतला फरक मला कळायला दीड महिना गेला. स्नोमेडमध्ये एका गोष्टीला एक नंबर असतो आणि त्या नंबरला तिची सगळी नावं लटकवलेली असतात, म्हणजे स्ट्रोक म्हणा, सीव्हीए म्हणा, सेरेब्रोव्हॅस्क्युलर ॲक्सिडेंट म्हणा, नंबर एकच २३०६९०००७. आयसीडी मोजायसाठी आहे, एक पेशंट एकाच खणात पडला पाहिजे अशी त्याची बांधणी. वरच्या काही रिपोर्टांना अजून त्याची आधीची आवृत्ती आयसीडी-१० च लागते, म्हणून तोही हाताशी ठेवावा लागतो.

आता खरं सांगायचं ते लकव्याचं. आमच्याकडं लकवा हा एकच शब्द, आणि त्याच्या पोटात किती आजार बसलेत हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. जुन्या रजिस्टरमध्ये एका पानावर चार ओळींत नुसतं "लकवा" लिहिलेलं होतं, मी एकेकाचे कागद काढून बसली. एक आजोबा, उजवं अंग गेलेलं, बोलणं बंद, तो स्ट्रोक, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी किंवा रक्तस्राव. एक तिशीतली बाई, तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं, तो बेल्स पाल्सी, चेहऱ्याच्या चेतेचा (नर्व्हचा) त्रास. एक सहा वर्षांचं पोरगं, जन्मापासून पाय कडक, ते सेरेब्रल पाल्सी. आणि चौथी एक मजूर बाई, निंदणाच्या दिवसात सकाळपासून उकिडवी बसून काम केलं अन उठली तर पाऊल उचलेना, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूनं जाणारी चेता दबलेली. चौघांचा इलाज वेगळा, घाई वेगळी, चौथी तर वेळीच बसणं बदललं तर बहुतेक वेळा आपसूक सुधारते, आणि आमच्या वहीत चौघं सारखे!

बेल्स पाल्सीच्या त्या बाईला तिच्या घरच्यांनी "लकवा मारला" म्हणून तेलाच्या मालिशीसाठी दूर एका गावी नेलं होतं, आठ दिवस गेले, डोळा बंद होत नव्हता तो सुकून लाल झाला. आता असं कोणी आलं की मी खिडकीवरच म्हणते, "माय, कपाळाले आठ्या पाडून दाखवा जी." त्या बाजूच्या कपाळाला आठी पडली नाही, डोळा मिटत नाही, तर बहुतेक चेतेचा त्रास. आठी पडते पण तोंड वाकडं आहे आणि हातही ढिला आहे, तर पळा, तो मेंदूचा. निदान डॉक्टरच करतात, पण कोणता खण उघडायचा त्यासाठी हा एक प्रश्न मला त्या यादीनंच विचारायला लावला, कारण यादीत "लकवा" असा खणच नाही. स्ट्रोकमध्ये गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासाच्या आत द्यावं लागतं, आणि तेही स्कॅन करून रक्तस्राव नाही हे बघूनच, म्हणून "शेवटचं धड कवा पायलं होतं?" ही वेळ आता आमच्या कागदावर वरच लिहिलेली असते.

एक गोष्ट मला फार पटली. आयसीडी-१० मध्ये स्ट्रोक हृदय-रक्तवाहिन्यांच्या प्रकरणात होता, आयसीडी-११ मध्ये तो चेतासंस्थेच्या प्रकरणात आणला. आणि आमच्यासारख्या स्कॅन नसलेल्या ठिकाणासाठी त्यात "गुठळीचा की रक्तस्रावाचा माहीत नाही" असा सरळ कोड आहे, ८बी२०. पहिल्यांदा तो दिसला तेव्हा मला खूप बरं वाटलं, कारण आधी आम्ही अंदाजानं काहीतरी लिहून पाठवायचो आणि पुढचा डॉक्टर तो अंदाज खरा धरायचा. माहीत नाही हे लिहायलाही एक ठरलेली जागा पाहिजे, ती इथं आहे.

माझ्या हातून चूकही झाली. सप्टेंबरमध्ये गर्दीत पाल्सी टाइप केलं, यादीत बेल्स आणि सेरेब्रल दोन्ही आले, मी ५२ वर्षांच्या एका काकांना सेरेब्रल पाल्सीवर क्लिक केलं आणि पुढं गेली. तीन महिन्यांनी मोजणी काढली तेव्हा मोठ्या वयाचं ते एकच नाव वेगळं दिसलं म्हणून सापडलं. तोवर त्यांच्या दोन चिठ्ठ्या तसल्याच गेल्या होत्या. मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन कागद बदलून दिले, पण मनातून ते जात नाही. ठरलेल्या शब्दाचा धोका हाच आहे, हातानं लिहिलेलं चुकीचं असलं तर वाचणाऱ्याला शंका येते, कोडसकट छापून आलेलं चुकीचं असलं तर कोणी शंका घेत नाही.

आता फवारणी. आमच्या जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको, २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं इथली वीसहून जास्त माणसं गेली. बरीचशी कीटकनाशकं चेतासंस्थेवरच काम करतात. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची दवा ॲसिटिलकोलिनएस्टरेज नावाचं विकर (एन्झाइम) बंद पाडते, मग चेतेकडून येणारा निरोप थांबतच नाही, लाळ गळते, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात. जुन्या रजिस्टरमध्ये या सगळ्याला "पॉइझनिंग" एवढंच लिहिलेलं. आयसीडी-१० मध्ये मात्र दोन गोष्टी लिहाव्या लागतात, कशानं झालं त्याचा टी ६०.०, आणि कसं झालं त्याचा वेगळा, चुकून झालं तर एक्स ४८, स्वतः घेतलं तर एक्स ६८, कळत नसेल तर वाय १८. हे तीन खण समोर आल्यावर माणसाकडं नीट बघावं लागतं. ऑगस्टमध्ये एका तरुण शेतकऱ्याला भावानं मोटरसायकलवर आणलं, "वावरात पराटीवर फवारा मारत होता, दवा लागली" म्हणाला, पराटी म्हणजे कपाशी. शर्टाला वास होता पण पाठीकडून काही ओलं नव्हतं, पंपाची गळती असती तर पाठ भिजली असती, आणि त्याची बायको भिंतीला टेकून काहीच बोलत नव्हती. डॉक्टर तिला बाजूला घेऊन बसले. नंतर कळलं ते लिहीत नाही, पण त्याला सुट्टी द्यायच्या आधी समुपदेशकाशी दोनदा बोलणं झालं, आणि जुन्या पद्धतीनं "पॉइझनिंग" लिहून सलाईन लावून तिसऱ्या दिवशी घरी पाठवला असता. उलट ज्यांना खरंच वाऱ्यानं दवा लागली त्यांच्यावर शंका राहत नाही, अपघाताच्या मदतीचा कागद करायला एक्स ४८ स्पष्ट लिहिलेला असतो. माझ्यासाठी अकरा महिन्यांतला सगळ्यात मोठा फायदा हाच, बाकी सगळं याच्या नंतर.

फिटचं थोडक्यात. "पोट्ट्याले झटका आला" म्हणजे तापात आलेली फिट असू शकते, उन्हात उपाशी राहून आलेली भोवळ असू शकते, मिरगीही असू शकते. एका झटक्यानं मिरगी म्हणत नाहीत, साधारणपणे चोवीस तासापेक्षा जास्त अंतरानं, काही कारण नसताना दोन झटके यावे लागतात, किंवा एकच आला पण परत यायची शक्यता फार जास्त आहे असं डॉक्टरांना तपासणीत दिसावं लागतं. आमच्या जुन्या वहीत एका मुलीच्या नावापुढं लहानपणीच्या तापातल्या एका फिटवरून "मिरगी" लिहिलं होतं, आणि तो कागद लग्न ठरताना सासरच्या माणसानं पाहिला होता. तिची आई माझ्यासमोर रडली. एका शब्दानं घरात काय होतं ते तेव्हा पाहिलं. २०१७ पासून झटक्याचं वर्गीकरणही बदललंय, आधी विचारायचं की सुरुवात एका जागेवरून झाली की दोन्ही बाजूंनी एकदम, आणि भान होतं की नव्हतं, ग्रँड माल वगैरे जुनी नावं आता नकोत. घरच्यांना आम्ही म्हणतो मोबाईलवर व्हिडिओ काढा, त्याचा लय उपयोग होतो.

नस हा शब्द तर मी आता नुसता लिहीतच नाही, आपल्याकडं रक्ताची शीर पण नस, चेता पण नस, मानेचा स्नायू आखडला तरी नस चढली.

मराठी शब्दांचं काय, हे बरेच जण विचारतात. आयसीडी-११ च्या टूलमध्ये मराठी नाही, स्नोमेडमध्येही मी मराठी शब्द टाकून शोधू शकत नाही, म्हणून डोक्यात भाषांतर करूनच शोधावं लागतं. राज्य सरकारचं भाषा संचालनालय परिभाषा कोश काढतं, त्यातले शब्द मी माहितीपत्रकाला वापरते, मिरगीला अपस्मार वगैरे, पण खिडकीवर अपस्मार म्हटलं तर समोरचा घाबरतो, त्याला वाटतं काहीतरी नवीनच निघालं. शाळेच्या पुस्तकातले शब्द मात्र कामाचे निघाले. एका आजोबांना डॉक्टर सांगत होते की डाव्या मेंदूत झालं म्हणून उजवा हात गेला, त्यांना पटेना, तर सोबतची दहावीतली नात म्हणाली, "आबा, प्रमस्तिष्काची डावी बाजू उजव्या अंगाले चालवते, आमच्या विज्ञानात आहे," आणि हातानं स्वतःच्या डोक्यावर दाखवलं. आजोबा तिचं ऐकून गप झाले, मग व्यायामाला तयार झाले.

अंगात येण्याबद्दल एकदा आमच्यात वाद झाला. आयसीडी-११ मध्ये अंगात येण्याच्या आजाराला ६बी६३ असा कोड आहे, पण त्याच्या व्याख्येत स्पष्ट आहे की समाजाच्या किंवा धर्माच्या रीतीत मान्य असलेलं येणं यात धरायचं नाही. नवरात्रात अंगात येणाऱ्या बाईला तो कोड लावायचा नाही, हे मी आमच्या नवीन मुलाला व्याख्या वाचून दाखवली तेव्हा वाद मिटला.

जे कोणी सुरू करणार आहेत त्यांना एकच म्हणेन, कोडच्या बाजूला एक रकाना पेशंटच्या बोलीचा ठेवा, तो जसं बोलला तसंच लिहा. आम्ही तो तिसऱ्या महिन्यात चालू केला, पहिल्या दिवसापासून करायला पाहिजे होता. माझी सप्टेंबरची चूक परत होत नाही ती याच रकान्यामुळं, "तोंड वाकडं, डोया झाकत नाही" असं शेजारी लिहिलेलं असलं की चुकीचा कोड लगेच खटकतो. आतापर्यंत या बोलीतल्या शब्दांच्या वहीत १३८ शब्द झालेत, कोणत्या शब्दाखाली कोणते कोड निघाले ते प्रत्येकासमोर लिहिलंय. कोलाम आदिवासींच्या कोलामी बोलीतले शब्द अजून फार थोडे आहेत, पोडावरच्या, म्हणजे त्यांच्या वस्तीवरच्या, आशाताई सोमवारी आणखी लिहून आणणार आहेत, डोकं फिरणं आणि हात थरथरणं याला त्यांच्याकडं काय म्हणतात ते मी आवर्जून विचारायला सांगितलंय.