अंदमान, लक्षद्वीप का मालदीव? निवांत बसायचं असंल तर

आधी एक नक्की करा, तुम्ही बघायला जायलात का बसायला? कारण आपल्याकडची ट्रिप म्हणजे सहा दिवसात बारा पॉइंट, पहाटे चारला गाडीत, आणि घरी आल्यावर दोन दिवस नुस्ती झोप. त्यात पण मजा आहे, नाही असं नाही, पण मग रिलॅक्स व्हायला चाललो म्हणू नका. खालचं सगळं ज्यांना खरंच चार-पाच दिवस समुद्राकाठी पाय पसरून बसायचंय त्यांच्यासाठी. बाली-फुकेत मुद्दाम सोडलंय, तिथं ट्रॅफिकच इतकं की तो विषयच वेगळा.

अंदमानचा प्रॉब्लेम हा की तिथं बघायला लई आहे. सेल्युलर जेल आहे, आणि मराठी माणूस सावरकरांची कोठडी न बघता परत येणार नाही हे आपल्याला पण माहीत आणि एजंटला पण. मग रॉस बेट, मग कोणीतरी सांगतं की बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा बघाच. ते बाराटांग म्हणजे मध्यरात्रीनंतर उठायचं, जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून पोलिसांच्या बंदोबस्तात गाड्यांचा ताफा जातो त्यात नंबर लावायचा, परत येईपर्यंत अख्खा दिवस गेला. आरामाला चाललात ना, मग ते सरळ कापा. हॅवलॉक (2018 पासून स्वराज द्वीप) आणि नील (शहीद द्वीप) एवढंच ठेवा, त्यातही नीलला जास्त रात्री द्या. नील छोटं, सपाट, शेतीचं बेट, सायकल घ्यायची आन् हिंडायचं. हॅवलॉकचा राधानगर बीच भारीच आहे, पण दुपारनंतर सगळे तिथंच लोटतात.

मालदीवचं बरोबर उलटं. तिथं बघायला काहीच नाही आणि तोच त्याचा फायदा. सगळा देशच प्रवाळाचा, समुद्रापासून दोन-अडीच मीटरच्या वर कुठं नैसर्गिक जमीनच नाही, ना डोंगर ना धबधबा. एका बेटावर एकच रिसॉर्ट, उठलं की पाणी, बसलं की पाणी. पहिले दोन दिवस स्वर्ग वाटतो, तिसऱ्या दिवशी सासरेबुवा विचारतात, इथं काय मंदिर-बिंदिर नाही का? नवराबायको दोघंच असाल तर मालदीव, सोबत मोठी माणसं असतील तर नका जाऊ, माझं स्पष्ट मत आहे.

लक्षद्वीप या दोघांच्या मधलं. 36 बेटं, वस्ती दहावर, बहुतेकांभोवती लगून म्हणजे आत थांबलेलं उथळ निळं पाणी, गर्दी नाही. पण भारतीय असलो तरी परमिट लागतं, आणि तिथं जायचे रस्ते दोनच, अगत्ती बेटाचं छोटं विमान (मुख्यतः कोचीवरनं) नाहीतर जहाज, आणि जहाजाला बेटाप्रमाणे चौदा-अठरा तास लागतात. जहाजाच्या पॅकेजमधी कुठं उतरायचं, किती वाजता परतायचं हे सगळं तेच ठरवतात. आपल्याला डोकं लावायचं नसंल तर बरंच आहे, पण मनात आलं म्हणून एक दिवस जास्त थांबतो म्हणाल तर ते होणार नाही.

आता आपल्याकडनं जायचं कसं. नांदेड-परभणीवाल्यांनी मुंबई-पुण्याच्या नादी लागू नका. देवगिरी एक्स्प्रेसनं सिकंदराबाद गाठा आन् हैदराबादवरनं विमानानं अंदमानची राजधानी पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम, पण तिकीट शोधताना दोन्ही नावं टाकून बघा). लातूरवाल्यांना पण बिदरमार्गे हैदराबादच जवळ. संभाजीनगरवाल्यांना चिकलठाण्याच्या विमानतळावरनं जमत असंल तर तसं बघा. कोचीला पण हैदराबादवरनं जाता येतं, मालदीवला मात्र मुंबई किंवा बंगळूर धरा. मालदीवला व्हिसा आधी काढावा लागत नाही, उतरल्यावर फुकट मिळतो, निघायच्या 96 तास आत ऑनलाइन फॉर्म तेवढा भरायचा. पण पासपोर्ट लागतोच, आणि घरातल्या दोघांचे नसले की तिथंच विषय संपला. अंदमानला आधार कार्डावर काम होतं.

एक गोष्ट एजंट सांगत नाही. मालदीवचे लांबचे रिसॉर्ट सीप्लेननं, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानानं जोडलेत आणि सीप्लेन फक्त उजेडात उडतं. तुमचं विमान दुपारी उशिरा उतरलं तर ती रात्र राजधानी मालेत किंवा शेजारच्या हुलहुमालेत, खोलीचं भाडं वेगळं. त्यापेक्षा स्पीडबोटीनं जाता येईल असं जवळचं बेट घ्या.

सगळ्यात जास्त गडबड सीझनची होते. आपल्याला सुट्टी कधी? दिवाळीत आणि मे महिन्यात. शेती असंल तर सोयाबीन निघाल्याशिवाय आन् हरभरा पेरल्याशिवाय घर सोडवत नाही. आणि अंदमानला पाऊस दोनदा, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास देशातला पहिला मान्सून तिथंच टेकतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येकडचा परत. म्हणजे आपल्या दोन्ही सुट्ट्या तिथं जोखमीच्या. एप्रिल चालतो, उकडतं पण समुद्र शांत असतो, आणि आपल्या बेचाळीस-त्रेचाळीसच्या मानानं ते उकडणं म्हणजे काहीच नाही, घाम मात्र चिकट. लक्षद्वीप साधारण ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत, मालदीव डिसेंबर ते एप्रिल चांगलं. पोरांची शाळा आडवी येत नसंल तर तिन्हीकडं जानेवारी-फेब्रुवारी सोन्यासारखे.

पाण्याचं बोलायचं तर आपण विहिरीत पोहायला शिकलेली माणसं, समुद्राची ओढ वेगळी असते बरं का. ज्यांना पोहता येत नाही त्यांना लगून बरं, म्हणजे लक्षद्वीप नाहीतर मालदीव. अंदमानात लाइफ जॅकेट घालून गाइडबरोबर स्नॉर्केलिंग (तोंडात नळी धरून वरूनच पाण्यात बघणं) होतं, हॅवलॉकला न पोहणाऱ्यांना पण स्कुबा (पाठीला हवेची टाकी लावून पाण्याखाली जाणं) करवतात, पण कुठंही उतरायच्या आधी मगरीच्या इशाऱ्याची पाटी आहे का बघा, खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथं खरंच आहेत. नीलला भरती-ओहोटीची वेळ विचारून निघा, तिथला निसर्गानं घडवलेला दगडी पूल ओहोटीलाच नीट बघता येतो. आणि अंधार लवकर पडतो, घड्याळ आपलंच पण बेट लई पूर्वेला, डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य गायब. चहा पिऊन साडेपाचला बीचवर जाऊ म्हणाल तर बसा अंधारात.

जेवणाचं मालदीवच्या रिसॉर्टात बरं, बुफेत शाकाहारी भेटतं. मालदीवच्याच माफुशीसारख्या स्थानिक बेटांवर (जिथं गावकरी राहतात) आणि लक्षद्वीपला मासा-नारळ-भात, कडक शाकाहारी माणूस तिथं कंटाळतो. अंदमानात हिंदी चालते, डाळ-भात-पोळी मिळते. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी कुठंही जा, सोबत ठेवाच. दारूचं ज्यांना विचारायचंय त्यांच्यासाठी: लक्षद्वीपला बंगारम बेट सोडून बंदी, मालदीवला रिसॉर्टात मिळते, स्थानिक बेटावर नाही, आणि बॅगेत घालून न्यायची तर अजिबात नाही.

पैशाचा घोळ मालदीवलाच होतो. वेबसाइटवरच्या भाड्यापुढं दोन अधिकची चिन्हं असतात, त्याचा अर्थ वर 17 टक्के जीएसटी आणि दहा टक्के सर्व्हिस चार्ज. रिसॉर्टात माणशी रोज 12 डॉलर ग्रीन टॅक्स वेगळा, स्थानिक बेटावरच्या छोट्या गेस्टहाऊसला तो 6. शिवाय बोटीचं वा सीप्लेनचं जाणंयेणं. बजेट कमी आणि मन मालदीवचंच असंल तर माफुशीत गेस्टहाऊस घ्या, रिसॉर्ट बघायची हौस एका दिवसाच्या पासवर भागवा. अंदमानात खर्च आपल्या हातात राहतो, सरकारी फेरी स्वस्त पण तिकीट मिळायला कटकट, खाजगी महाग पण लवकर पोचवते. उलटीची गोळी दोन्हीकडं लागणार. नेटवर्क नीलला कधीही दगा देतं म्हणून रोकड ठेवा.

तर मला विचाराल तर मोठी माणसं-लेकरं घेऊन पहिल्यांदा समुद्र बघायचा असंल तर अंदमान, बाराटांग कापून. फक्त परतीच्या आदल्या दिवशीच फेरीनं पोर्ट ब्लेअरला या, समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात आणि विमान काही थांबत नाही. स्कुबा केलं असंल तर तसंही विमानाआधी किमान 18 ते 24 तास जाऊ द्यायचे असतात. त्या मोकळ्या दिवशी सेल्युलर जेल बघून घ्या, संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो पण होऊन जाईल.