जुन्या वाड्याच्या सागवानाची चौकट, दुकान टिंबर मार्केटच्या बाजूला

४ स्टार. एक कापला तो उशिरामुळे.

मेन दरवाज्याची चौकट सडली होती, भवानी पेठेत जिथे विचारलं तिथे एकच उत्तर, मलेशियन साल घ्या साहेब, वाळवी लागत नाही. ही सगळी तिकडच्या वर्षावनातली झाडं, आपल्या साल वृक्षाच्याच नात्यातली. बोर्निओत याच कुळातलं एक झाड २०१९ ला मोजलं तर शंभर मीटरच्या वर भरलं! अशा म्हाताऱ्या झाडांच्या ढोलीत तिकडचे मोठे धनेश पक्षी घरटं करतात, मादी आत स्वतःला लिंपून घेते आणि नर बाहेरून भरवत राहतो, झाड गेलं की वीणच बंद, बारक्या झाडात एवढी ढोली होतच नाही. बरं चारच झाडं तोडली तरी ट्रकला रस्ता लागतो, रस्ता झाला की शिकारी येतात, मग बऱ्याच ठिकाणी उरलेलं साफ करून पामतेलाच्या झाडांची लागवड. खाली पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची दलदलीची जमीन असेल तर ती सुकवतात, मग पेटली की हजारो वर्षं साठलेला कार्बन धुरात, २०१५ ला इंडोनेशियात तेच झालं, धूर पार सिंगापूरपर्यंत. १९९९ ते २०१५ मध्ये बोर्निओतले लाखभर ओरांगउटान कमी झाले असा अंदाज आहे. माझ्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून यात भर कशाला घालू?

तर हे दुकान. पेठांतले वाडे पाडले की तुळया, खांब, दारं इथे येऊन पडतात. काका रंधा मारून आतलं लाकूड दाखवतात, तो तेलकट वास आला की खात्री पटते. सगळंच बर्मा टीक म्हणून सांगतील, तेवढं मनावर घेऊ नका. भाव घनफुटावर, थोडी घासाघीस चालते, तरी मलेशियन सालापेक्षा महागच पडलं. पण लाकूड इतकं मुरलेलं की पावसाळा गेला, दार अजिबात अडकत नाही. आमचे मिस्त्री मात्र वैतागले, आत मोडके खिळे असले की कटरचं ब्लेड जातं, त्यामुळे आधी लोहचुंबक फिरवून घ्या.

मंगळवारी देतो म्हणाले, कुठला मंगळवार ते विचारायचं राहिलं बहुतेक 😅 तीन आठवडे गेले.

आता सगळ्या पुण्याला पुरतील एवढे वाडे काही उरले नाहीयेत, इथे माप जमलं नाही तर आपल्याकडचा लागवडीचा सागवान मागा, तोही मार्केटात मिळतो. टेम्पोचं भाडं वेगळं घेतात, आधीच ठरवा.