जालन्यातली 'मत्तय 25:35'वाली खानावळ

आईच्या दम्यापायी मागच्या हिवाळ्यात जालन्यात दवाखान्यात नऊ दिवस काढले. (नाव नको. वॉर्डातला गरम पाण्याचा नळ नऊही दिवस बंद होता, एवढंच सांगतो.) जेवण समोरच्या गल्लीतल्या पत्र्याच्या खानावळीत. पाटी नाही, दारावर निळ्या रंगात नुसतं 'मत्तय 25:35'. मला वाटलं थाळीचा भाव असेल, हाफ 25, फुल 35. तसं विचारलं तर मावशी पोट धरून हसल्या. थाळी 70 ला आहे.

ज्वारीची भाकरी एक नंबर, तव्यावरून थेट ताटात. ठेचा जपून घ्या. वरण मात्र निव्वळ पाणी. गर्दीत अर्धा तास ताटकळावं लागतं, आणि रविवारी चर्चमुळं एकच्या आधी कुलूप.

तरी पाच तारे देतोय, ते शेगडीवरच्या मोठ्या पातेल्यासाठी. त्यात पहाटे पाचपासून पाणी तापत असतं. कुणीही थर्मास आणावा, भरून न्यावा. जेवलंच पाहिजे असं नाही. मी पुढं केलेला थर्मास मावशींनी आधी नाकाला लावला. "चहाचा वास मारतोय. माय बिमार हाय ना तुमची?" म्हणत मूठभर तांदूळ टाकून खळखळून धुतला, मग भरला. दुसऱ्या दिवसापासून सोबत आईसाठी डबाभर पेज, कमी मिठाची.

आमच्या गावात म्हणतात, ही मंडळी आधी गोड बोलतात, मग पुस्तक हातात देतात. मी पुस्तकाची वाटच बघत होतो. आलं नाही. सहाव्या दिवशी मीच विचारलं, दारावर काय लिहिलंय? "बायबलातलं हाय, बघा कधी सवडीनं," म्हणाल्या आणि भाकरी उलटली. रात्री वॉर्डात भाच्याच्या मोबाईलवर शोधलं. येशू म्हणतो, मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही खाऊ घातलं, तहानेला होतो तेव्हा पाजलं, परका होतो तेव्हा घरात घेतलं.

मावशींचे पणजोबा बेथेलचे. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी निजामाच्या काळात जालन्याजवळ वसवलेली ती वस्ती. हेही शेजारच्या पानवाल्याकडून कळलं.

सुट्टी मिळाली त्या दिवशी हिशेबाला गेलो. "पेजेचे किती?" मावशींनी वही पुढं सरकवली. माझ्या नावाखाली थाळ्या 18, पेज कुठंच नाही. 1260 रुपये, रोख. फोनपे चालत नाही.