स्लॅबपर्यंतच नव्वद टक्के: माडी चढवताना घरमालक कसा नागवला जातो

मे महिन्याच्या अखेरीस गोव्यात डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांत फिरताना एखादं घर असं दिसतंच. अर्ध्या घरावर जुनी मंगळुरी कौलं, उरलेल्या अर्ध्यावर निळी ताडपत्री, कडेला उतरवून रचलेले वासे आणि रिपा, आणि वर कॉलमच्या उघड्या सळया. कंत्राटदार फोन उचलत नाही. घरात म्हातारी माणसं असतात, पाऊस दहा-बारा दिवसांवर येऊन ठेपलेला असतो. त्याच घरात मग चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गणपतीवरची फळा-फुलांची माटोळी ताडपत्रीखाली बांधावी लागते.

हे घडतं कसं, ते नीट समजून घ्यायला हवं. कारण फसवणूक काम बंद पडतं त्या दिवशी होत नाही. ती कोटेशनवर सही होते तेव्हाच झालेली असते.

साधं उदाहरण घेऊ. जुन्या घरावर १० मीटर बाय ६ मीटरची माडी चढवायची आहे, म्हणजे ६० चौरस मीटर. नकाशा मीटरमध्ये असतो, कंत्राटदाराचा दर मात्र फुटावर असतो. ६० चौरस मीटर म्हणजे सुमारे ६४६ चौरस फूट. समजा दर २,४०० रुपये ठरला, तर काम साडेपंधरा लाखांचं. आता कंत्राटदार हप्ते सांगतो: सुरुवातीला २५ टक्के, पाया झाला की २०, कॉलम उभे राहिले की २०, स्लॅबला २५ आणि उरलेले १० काम पुरं झाल्यावर. ऐकायला वाजवी वाटतं. पण बेरीज करून बघा. स्लॅब घातला त्या दिवशी त्याच्या खिशात १४ लाखांच्या आसपास गेलेले असतात, आणि प्रत्यक्षात काम फार तर निम्मं झालेलं असतं. भिंती, प्लास्टर, फरशी, नळाचं काम, वायरिंग, दारं-खिडक्या, रंग हे सगळं अजून बाकी, आणि त्यासाठी तुमच्याकडून त्याला मिळायचे राहिलेत दीड लाख. त्या दीड लाखात एवढं काम होत नाही, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. मग तो परत का येईल?

सगळेच कंत्राटदार बुडवायच्या इराद्याने येत नाहीत. पुष्कळदा तुमच्या ॲडव्हान्सवर आधीच्या साइटचा स्लॅब होतो आणि पुढच्याच्या ॲडव्हान्सवर तुमची फरशी व्हायची असते. नवीन काम मिळायचं थांबलं की साखळी तुटते. ज्याचं घर त्या वेळी उघडं असेल तो मालक अडकतो. घरमालकाच्या दृष्टीने फरक शून्य, पैसे गेले ते गेलेच.

दुसरी लूट मोजमापात असते आणि ती हिशोबाच्या वहीत दिसतही नाही. "स्लॅब एरिया" असा एकच शब्द कोटेशनमध्ये लिहिलेला असतो. त्यात छज्जा येतो का, जिना एकदा मोजायचा की दोन्ही मजल्यांवर, लॉफ्ट धरायचा का, यावर एक ओळ नसते. वर घेतलेल्या १० बाय ६ मीटरच्या माडीला चारी बाजूंनी ६० सेंटिमीटर छज्जा असेल, तर त्याचं क्षेत्र २० चौरस मीटरच्या वर भरतं, म्हणजे सुमारे २२२ चौरस फूट. २,४०० च्या दराने सुमारे पाच लाख तेहतीस हजार रुपये, नुसत्या छज्जाचे! तो मोजायचाच नाही किंवा अर्धा धरायचा, हे आधी लिहून घेतलं नसेल तर शेवटच्या बिलात भांडायला तुमच्याकडे कागद नसतो.

आता प्रत्यक्ष बांधकाम. इथे थोडं थांबायला हवं, कारण पैशाची चोरी भरून काढता येते, लोखंडाची येत नाही.

आपल्याकडची जुनी घरं चिऱ्याची, बरीचशी मातीत बांधलेली. ही भिंत कौलांचं ओझं पिढ्यान्‌पिढ्या पेलते, पण काँक्रीटचा स्लॅब, त्यावरच्या भिंती आणि माणसं यांचं ओझं तिने पेलावं ही अपेक्षाच चूक आहे. माडीसाठी कॉलम स्वतंत्र लागतात आणि प्रत्येक कॉलमला स्वतःचा पाया लागतो, घट्ट मुरुमापर्यंत किंवा कातळापर्यंत खोदलेला. फसवणूक नेमकी इथून सुरू होते. "काका, भिंत दगडी आहे, हत्ती चढवला तरी हलायची नाही," असं म्हणत कॉलम जुन्या जोत्यावरच उभा केला जातो. खड्डे खोदायचे, उपसायचे, खाली जाळी बांधायची, एवढं सगळं वाचतं. प्लास्टर झाल्यावर तो कॉलम पायापर्यंत गेलाय की जोत्यावर बसलाय, हे भिंत फोडल्याशिवाय कळत नाही. दोन-तीन पावसाळ्यांनी जमीन थोडी बसते आणि दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग वर जाते. म्हणून खड्ड्यात काँक्रीट पडण्याआधी टेप आत सोडून, आकडा वाचता येईल असा फोटो काढायचा. प्रत्येक खड्ड्याचा.

खाली आधीच काँक्रीटचे कॉलम असतील तर वेगळी लबाडी होते. जुन्या कॉलममधून सळया वर सोडलेल्या नसतील, तर काँक्रीटला भोकं पाडून, ती हवेने साफ करून, केमिकल भरून नव्या सळया रोवाव्या लागतात. भोकाची खोली अभियंता ठरवतो. १२ मिलिमीटरच्या सळईला ५ सेंटिमीटर भोक आणि केमिकलऐवजी सिमेंटचा कालवा, हे काम नव्हे. पण वरून दोन्ही सळया सारख्याच दिसतात. केमिकलच्या ट्यूबा किती आल्या आणि किती रिकाम्या झाल्या ते मोजा, आणि एखादी सळई रोवण्याआधी भोकात काडी घालून खोली बघा.

स्लॅबच्या लोखंडात दोन ठिकाणी हात मारला जातो. नकाशात ८ मिलिमीटरची सळई १५० मिलिमीटरवर असेल आणि मेस्त्रीने ती २०० वर बांधली, तर लोखंड एक चतुर्थांश कमी झालं. बीममध्ये १२ ऐवजी १० मिलिमीटरची घातली तर सुमारे तीस टक्के कमी. हे पकडायला शिक्षण लागत नाही, टेप आणि वजनकाटा लागतो. एक मीटर सळईचं वजन ८ मिलिमीटरला ३९५ ग्रॅम, १० ला ६१७, १२ ला ८८८ ग्रॅम भरतं. स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी वर चढून सळयांमधलं अंतर मोजा, आणि जाळीखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे जाळी उचलून धरणारे छोटे ठोकळे, आहेत का ते हाताने चाचपून बघा. जाळी खालच्या साच्याच्या प्लायला टेकलेली असेल तर तळाशी काँक्रीटचं आवरण राहत नाही, आणि आपल्या दमट हवेत ते लोखंड गंजून फुगतं, छताचे पापुद्रे पडायला लागतात. अभियंत्याने बघून सही केल्याशिवाय काँक्रीट सुरू करू द्यायचं नाही, मिक्सर दारात आला असला तरी.

सिमेंटचा हिशोब रिकाम्या पिशव्यांवरून होतो. ६० चौरस मीटरचा, १२५ मिलिमीटर जाडीचा स्लॅब म्हणजे साडेसात घनमीटर काँक्रीट. एम-२० दर्जाच्या काँक्रीटला, म्हणजे सिमेंट, रेती, खडी यांच्या १:१.५:३ च्या मिश्रणाला, घनमीटरमागे ५० किलोच्या सुमारे आठ पिशव्या लागतात. म्हणजे नुसत्या स्लॅबला साठ, बीमचं वेगळं. संध्याकाळी चाळीसच रिकाम्या पिशव्या सापडल्या तर काय झालं ते समजा. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत एम-२० पुरत नाही, तिथे अभियंता वरचा दर्जा देतो आणि सिमेंटही वाढतं. काँक्रीट ओतताना त्याच काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे क्यूब, म्हणजे चौकोनी ठोकळे, भरून घ्या आणि ७ व २८ दिवसांनी प्रयोगशाळेत तपासा. पुढे भांडण झालं तर हा एक कागद शंभर तोंडी साक्षींच्या तोडीचा ठरतो.

पाणी मारायची आळी स्लॅबवर किमान दहा दिवस भरलेली हवीत. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे (दोन आधारांमधल्या अंतराचे) टेकू सात दिवसांआधी काढू नयेत, त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवसांआधी, आणि बीमखालचे तर चौदा दिवसांआधी कधीच नाहीत. कंत्राटदाराला साच्याच्या प्लेटा दुसऱ्या साइटला हव्या असतात, म्हणून पाचव्या दिवशीच टेम्पो येतो. तो परत पाठवा.

रेतीबद्दल एक गोष्ट. "रेती बंद आहे" हे गोव्यात खरंही असतं आणि निमित्तही असतं. त्या नावाखाली दर वाढवले जातात, काम आठवडेच्या आठवडे थांबतं, आणि कधी खाडीची खारी रेती येऊन पडते. मूठभर रेती थोड्या पाण्यात ढवळून ते पाणी जिभेला लावून बघा. खारट लागलं तर गाडी उतरवू देऊ नका, ते मीठ आतलं लोखंड खातं. दर वाढल्यास फरक कोणी सोसायचा, हे करारात असलंच पाहिजे.

"पंचायतीचं मी बघतो" या वाक्यापासून मात्र सर्वांत जास्त सावध राहा. कौलं आणि वासे बदलायचा दुरुस्तीचा परवाना काढून त्यावर स्लॅब घातलेली घरं कमी नाहीत. शेजाऱ्याने अर्ज केला की पंचायतीची काम थांबवण्याची नोटीस घरमालकाच्या नावाने येते, कंत्राटदाराच्या नाही. पाडायचा हुकूम झाला तर तोही तुमच्याच नावाने. वाढीव मजल्याला नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी आणि पंचायत राज कायद्याच्या कलम ६६ खालचा बांधकाम परवाना लागतो. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या, उताऱ्यावर भावंडांची, काकांची नावं असतील तर त्यांची लेखी संमती आधी घ्या. घर अजून मुंडकाराच्या (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या) नावावर झालेलं नसेल तर भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, हरकत येऊ शकते. भरती-ओहोटीच्या नदीकाठी घर असेल तर किनारी नियमन क्षेत्राचे नियम तिथेही लागतात, फक्त समुद्रकिनारीच नाही. परवान्याची प्रत स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. त्यात "दुरुस्ती" लिहिलंय की "पहिला मजला", ते पाहून मगच कौलांना हात लावू द्या.

जीएसटीच्या नावाखालीही पैसे उकळले जातात. सामानासकटच्या कामावर १८ टक्के कर लागतो खरा, पण तो घेणाऱ्याकडे नोंदणी क्रमांक हवा. गोव्याच्या क्रमांकाची सुरुवात ३० ने होते, एकूण पंधरा अक्षरं-आकडे असतात, आणि ते सरकारी संकेतस्थळावर टाकले की कोणाचे ते दिसतं. क्रमांक नाही तर कर नाही. स्वतंत्र घराचं नवं बांधकाम नुसत्या मजुरीवर दिलं तर त्या मजुरीवर जीएसटीच नाही. तेव्हा सिमेंट आणि लोखंड तुम्ही स्वतः दुकानातून बिलासकट आणायचं आणि कंत्राटदाराला मजुरी द्यायची, हा मार्ग दगदगीचा असला तरी माझ्या मते सर्वांत सुरक्षित आहे. सगळं काम त्याच्याकडेच दिलं असेल, तर सामानाच्या चलनावर तुमच्या नावाने सही करू नका. नाहीतर तो गेल्यावर सिमेंटवाला उधारी मागायला तुमच्या दारात उभा राहतो.

हप्ते कसे असावेत? ॲडव्हान्स पाच टक्के. पाया आणि कॉलम पूर्ण झाल्यावर वीस. स्लॅबचे पंचवीस, तेही टेकू काढल्यावर. भिंतींचे पंधरा, प्लास्टरचे दहा, फरशी-नळ-वायरिंगचे पंधरा, रंग आणि सफाई झाली की पाच. शेवटचे पाच टक्के एक पुरा पावसाळा गेल्यावर, गळती नाही हे बघून. नव्या स्लॅबचं आणि जुन्या कौलांचं पाणी जिथे मिळतं ती पन्हळ पहिल्याच आषाढात बोलते, म्हणून हे पाच टक्के सोडू नका. एवढ्या कमी ॲडव्हान्सवर काम घ्यायला बरेच जण नकार देतील. देऊ द्या. ज्याला सुरुवात करायलाच तुमचे चार लाख लागतात, त्याच्याकडे भांडवल नाही, हे तुम्हाला फुकटात कळलं.

आणि तरीही कोणी सोडून गेलाच, तर पहिली चूक टाळा: घाईने दुसरा कंत्राटदार आणून काम सुरू करू नका. दुसऱ्याचा थर वर चढला की पहिल्याने किती काम केलं आणि किती खराब केलं, याचा पुरावा संपतो. पावसापासून घर झाका, पण आधी त्रयस्थ अभियंत्याकडून झालेल्या कामाचं मोजमाप, फोटो आणि किंमत असा सही-शिक्क्याचा अहवाल घ्या. पाहणीच्या तारखेची सूचना कंत्राटदाराला स्पीड पोस्टाने आणि व्हॉट्सॲपवर द्या, तो आला नाही तरी चालेल. नंतर वकिलामार्फत नोटीस.

पोलीस बहुधा "हा दिवाणी मामला" म्हणून परत पाठवतात. ग्राहक आयोगाचा रस्ता जास्त कामाचा. घरबांधणी ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवा आहे, आणि दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात जाते. दहा ते वीस लाख दिले असतील तर फी ४०० रुपये, पाच लाखांपर्यंत काहीच नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची, आणि "बघतो, करतो, शिगमो (होळीचा सण) झाला की येतो" हे ऐकण्यातच ती बहुतेकांची सरते. रोखीने दिलेल्या पैशाला पावती नसेल तर तो आकडा तिथे टिकवणं फार कठीण जातं.

दबाव वाढला की कंत्राटदार पुष्कळदा परतफेडीचा चेक देतो, पुढची तारीख घालून. तो घ्या, पण "हिशोब पूर्ण मिटला" अशा कागदावर सही करू नका. तारखेपासून तीन महिन्यांच्या आत चेक भरा. वटला नाही तर बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे, ती मिळाल्यावर त्याला पंधरा दिवस, आणि तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. चेक न वटल्याचा बँकेचा मेमो हातात पडेल त्याच दिवशी त्याच्या मागे तारीख लिहा आणि वकिलाकडे जा.