अर्थशास्त्र ग्रंथालयात संशोधनसाहित्य शोधताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मधोमध जो मोठा सर्च बॉक्स असतो, तो अर्थशास्त्राच्या संशोधनासाठी जवळपास कुचकामी. पुस्तकं, लेख, वर्तमानपत्रं, ग्रंथपरीक्षणं सगळं एकाच ढिगात येतं. ‘इन्फ्लेशन’ टाकलं की महागाईबरोबर विश्वाच्या जन्माचं भौतिकशास्त्रही समोर येतं. नाव ठाऊक असलेल्या पुस्तकाचा कॉल नंबर (रॅकवरची जागा सांगणारा क्रमांक) काढायचा असेल, तेवढ्यापुरता तो ठीक.

लेखांसाठी थेट इकॉनलिट उघडावं. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनचा हा डेटाबेस, नोंदी 1886पर्यंत मागे जातात, आणि ग्रंथालयं तो बहुधा एब्स्को किंवा प्रोक्वेस्ट या शोधमंचांवर देतात. इथे शब्दांपेक्षा जेईएल कोड, म्हणजे अर्थशास्त्रातल्या लेखांना विषयानुसार दिलेले वर्गीकरणाचे कोड, जास्त कामाचे. एक अक्षर आणि दोन अंक: ई52 म्हणजे चलनविषयक धोरण, जे31 म्हणजे वेतनाची पातळी आणि रचना, एफ16 म्हणजे व्यापार आणि श्रमबाजार यांचा संबंध. नुसत्या जे31वर निकालांचा पूर येतो; जे31 आणि एफ16 ‘अँड’ने जोडले की यादी आवाक्यात येते. कोड पाठ करायची गरज नाही. विषयातला एक चांगला लेख उघडायचा, त्याचे कोड बघायचे, त्यातले दोन उचलायचे. मात्र आजची कोडपद्धत 1991पासूनची. त्याआधीचं वर्गीकरण वेगळं, आकड्यांचं होतं, त्यामुळे जुन्या लेखांसाठी शब्दांनीच शोधावं लागतं.

शब्दांनी शोधताना दोन ठिकाणी घोटाळा होतो. एक, ‘लेबर’चं स्पेलिंग. अमेरिकी लेखांत यू नसतो, ब्रिटिश लेखांत असतो. दोन्ही रूपं ‘ऑर’ने जोडलेली बरी. दुसरा घोटाळा शब्दांमधल्या अंतराचा. दोन शब्द पाच शब्दांच्या आत हवे असतील तर एब्स्कोत एन5 लिहितात, प्रोक्वेस्टमध्ये निअर/5. एकीकडची शोधओळ दुसरीकडे चिकटवली की निकाल बिघडतात, आणि तसा इशारा मिळेलच असं नाही.

आता वर्किंग पेपर, म्हणजे छापून येण्याआधी खुले केलेले मसुदे. या विषयात लेख जर्नलमध्ये छापून यायला वर्षं लागतात, म्हणून ताजं काम एनबीईआर (अमेरिकी आर्थिक संशोधन संस्था), एसएसआरएन (मसुद्यांचं ऑनलाइन भांडार) आणि विद्यापीठांच्या मालिकांतच सापडतं. त्यातलं बरंच एकत्र पाहायला रेपेक या अर्थशास्त्रीय लेखांच्या नोंदसंग्रहावर चालणारं आयडियाज हे संकेतस्थळ सर्वांत सोयीचं, आणि फुकट. रेपेकजवळ फक्त नोंदी असतात, पीडीएफ मूळ संस्थेच्या सर्व्हरवर. दुवा मेला असेल तर त्याच पानावर इतर आवृत्त्यांची यादी दिसते, ती आधी बघावी. मसुद्यापासून छापील लेखापर्यंत शीर्षक, नमुना, कधीकधी मुख्य तक्त्यातला सहगुणकही (एका गोष्टीचा दुसरीवरचा परिणाम दाखवणारा आकडा) बदलतो. मसुद्यातला आकडा घेऊन संदर्भ छापील लेखाचा देणं ही या क्षेत्रातली नेहमीची चूक. आकडा जिथून घेतला तीच आवृत्ती संदर्भात हवी, आणि लेख छापून आला असेल तर तक्ता पुन्हा ताडून पाहायला हवा.

पूर्ण मजकूर मिळत नसला की ‘आपल्याकडे हे जर्नल नाही’ असं लगेच धरून चालू नये. जेस्टोर या जुन्या जर्नलांच्या डिजिटल संग्रहावर बऱ्याच जर्नलांचे ताजे अंक नसतात, बहुधा शेवटच्या 3 ते 5 वर्षांची खिडकी बंद असते. ताजे अंक प्रकाशकाच्या साइटवर असतात. जर्नलांच्या अकारविल्हे यादीत कुठून किती वर्षांचे अंक मिळतात ते दिलेलं असतं. ‘फुल टेक्स्ट’चं बटण चुकीच्या अंकावर नेतं तेव्हा संदर्भातला खंड-अंक तपासावा. अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू या जर्नलचा पेपर्स अँड प्रोसीडिंग्ज (परिषदेतले लेख) 2017पर्यंत मे महिन्याचा अंक होता, 2018पासून ते स्वतंत्र प्रकाशन झालं. या सांध्यावर संदर्भ हमखास अडखळतात.

पुस्तकांच्या रॅककडे जाताना ड्यूई या ग्रंथवर्गीकरणाचे आकडे ठाऊक असले की पायपीट वाचते: 331 श्रम, 332 वित्त, 336 सार्वजनिक वित्त, 339 समष्टी अर्थशास्त्र. पण आंतरराष्ट्रीय व्यापार 382मध्ये आणि सांख्यिकी 519.5मध्ये, म्हणजे बहुधा दुसऱ्याच मजल्यावर. अर्थमितीचं (आर्थिक आकडेवारीचं संख्याशास्त्रीय विश्लेषण) लेबल 330.015195 असं लांबलचक असतं. ते पूर्णांकासारखं वाचून लोक 330.1च्या पुढे शोधत बसतात. दशांशानंतरचा एकेक अंक क्रमाने वाचायचा. पहिलाच अंक शून्य असल्यामुळे हे पुस्तक 330.1च्या आधी, म्हणजे डावीकडे असतं.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती आकडेवारी. जीडीपीसारखे आकडे प्रसिद्ध झाल्यावरही सुधारले जातात, आधारवर्ष बदललं की अख्खी मालिका हलते. फ्रेड, म्हणजे सेंट लुईसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचा आकडेवारीचा संग्रह, नेहमी आजची सुधारित मालिका देतं. त्या वेळी धोरणकर्त्यांसमोर काय होतं ते हवं असेल तर त्याचंच भावंड अल्फ्रेड वापरायचं, तिथे जुन्या आवृत्त्या तारखेनिशी मिळतात. पेन वर्ल्ड टेबल या देशोदेशींच्या उत्पन्नाच्या आकडेसंचाची आवृत्ती बदलली की त्याच देशाचा वाढीचा दरही बदलू शकतो, म्हणून आवृत्ती क्रमांक आणि डाउनलोडची तारीख फाइलच्या नावातच घालावी. डेटास्ट्रीम या शेअरबाजार आणि अर्थव्यवस्थेच्या आकडेसंचात तर वेगळीच गंमत: बाजारातून उठलेल्या शेअरची शेवटची किंमत पुढेही तशीच येत राहते. ती शेपटी छाटली नाही तर महिनोन् महिने शून्य परतावा दिसतो आणि सरासरी बिघडते. असे सशुल्क संच बरेचदा ग्रंथालयातल्या ठरावीक संगणकावरच चालतात, डाउनलोडला मर्यादा असते. मालिकांचे कोड आधी कागदावर काढून मगच खुर्ची अडवावी.

विषय ग्रंथपालांना ‘बेरोजगारीचा डेटा हवाय’ एवढंच सांगून भागत नाही. देश, कालखंड, मासिक की वार्षिक, एकक, आणि आधी कुठे शोधलं, हे पाच तपशील दिले की उत्तर भराभर येतं. आंतरग्रंथालयीन मागणी (दुसऱ्या ग्रंथालयातून साहित्य मागवणं) करतानाही तसंच: पानांचे आकडे द्यावेत आणि परिशिष्ट हवं असल्यास वेगळं नमूद करावं, कारण स्कॅन मागितलेल्या पानांचाच येतो. अलीकडच्या लेखांचं ऑनलाइन अपेंडिक्स मात्र मागवण्याआधी प्रकाशकाच्या पानावर पाहावं. लेख सशुल्क असला तरी ते तिथे बरेचदा खुलं असतं.