न्हावा शेव्याचा क्लिअरिंग एजंट: पाचपैकी साडेतीन

भोसरीत माझं मसाल्याचं छोटं युनिट आहे. श्रीलंकेची काळी मिरी मागवायला लागल्यापासून बंदरावर कस्टमची कागदपत्रं करून माल सोडवून देणारा हा माझा दुसरा एजंट.

आधी थोडा हिशेब. बाहेरच्या मिरीवर मूळ सीमाशुल्क ७० टक्के. आसियान, म्हणजे आग्नेय आशियाई देशांशी असलेल्या करारातून व्हिएतनामची आणली तर ५०. श्रीलंकेशी मात्र २००० सालापासून मुक्त व्यापार करार लागू आहे, आणि त्यात वर्षाला २५०० टन मिरी शून्य ड्युटीने येते. किलोला ५०० रुपयांच्या खालची मिरी आणायला बंदीच आहे. म्हणजे सवलत किलोमागे किमान साडेतीनशेची, माझ्या दोन टनांवर सात लाखांची. आणि ती सगळी लटकलेली कोलंबोच्या वाणिज्य खात्याच्या एका सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनवर, म्हणजे माल तिथलाच असल्याच्या दाखल्यावर. पहिल्या एजंटाने ते हातात यायच्या आत पूर्ण ड्युटीवर बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमकडचा आयातीचा अर्ज, भरून टाकलं. वर, "रिफंड मिळतो हो मॅडम." अजून खेटे घालतेय.

या एजंटाने माल बोटीवर चढायच्या आधीच सर्टिफिकेटचा मसुदा मागवला. त्यावर इनव्हॉइस नंबरचा शेवटचा आकडा चुकला होता, तो तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतला. मग प्रश्नांची सरबत्ती: मिरी श्रीलंकेतल्या मातलेची की आणखी कुठली, वाळवली कुणी, बागेतून घेतली की व्यापाऱ्याकडून? मी वैतागले. मिरी घेतेय, स्थळ नाही बघत! पण कस्टमच्या २०२० च्या नियमांनी ही माहिती ठेवणं आयातदाराच्याच गळ्यात आहे, तीही पाच वर्षं. कस्टमने नेमकं तेच विचारलं तेव्हा फाइल तयार होती.

एवढा संशय का, तर व्हिएतनामची मिरी कोलंबोमार्गे 'श्रीलंकेची' होऊन येते, अशी आपल्या बागायतदारांची जुनी तक्रार. सावंतवाडीच्या मामाचे वेल पोफळींवर चढलेत. तो दर दिवाळीला ऐकवतो, "तुझ्या त्या शून्यापायी आमचा भाव पडता." त्याला काय उत्तर द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही. फराळाबरोबर मसाला पाठवते.

दीड गुण का कापला? मिरीच्या नमुन्याचा तपासणी रिपोर्ट यायचा होता, त्यात गोदामाचं तीन दिवसांचं भाडं चढलं आणि मला कळलं ते थेट बिलात. शनिवारी फोन उचलत नाहीत. शिवाय 'किरकोळ खर्च ४,८००', पावती एकही नाही. विचारलं तर हसले.

पुढची खेप याच्याकडेच देणार आहे. तुम्ही जाल तर तो 'किरकोळ' म्हणजे किती, ते आधी लिहून घ्या.