फिनिश शिकण्यासाठी: वर्षभराचा मुक्काम की वर्गावर्गांची भागीदारी?

फिनलंडमधील शाळेशी देवाणघेवाण करून फिनिश शिकायचे, तर एकतर तिथल्या कुटुंबात राहून वर्षभर शाळेत जावे, किंवा 2005 पासून चालत आलेल्या ई-ट्विनिंगसारख्या युरोपीय व्यासपीठावर दोन वर्गांनी मिळून प्रकल्प करावेत आणि जमल्यास छोटी भेट आखावी.

भाषेपुरते बोलायचे, तर मुक्कामाला तोड नाही. फिनिशच्या पंधरा विभक्ती पुस्तकातून पाठ होतात. परंतु पुस्तकातले ‘मिना ओलेन’ (मी आहे) मुलांच्या तोंडी ‘मॅ ओन’ होते आणि अशी बोली सतत कानावर पडल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. शिक्षकांना पहिल्या नावाने हाक मारणे, 1948 पासून शाळेत मिळणारे मोफत गरम जेवण स्वतः वाढून घेणे, घरात शिरताना बूट काढणे, हेही रोजच्या वावरातूनच मुरते. मात्र खर्च मोठा असतो, आणि डिसेंबरातला लांबलचक अंधार घरापासून दूर असलेल्या मुलाला जड जाऊ शकतो.

भागीदारीतले काम बहुधा इंग्रजीतून चालत असल्याने भाषेची प्रगती बेताचीच राहते. परंतु तिचा लाभ एकदोघांना नव्हे, तर सबंध वर्गाला होतो, आणि मला ही बाजू फार मोलाची वाटते. लोकगीतांतून रचलेल्या ‘कालेवाला’ या फिनिश महाकाव्याच्या 28 फेब्रुवारीच्या दिनानिमित्त दोन्ही वर्ग आपापल्या लोककथा एकमेकांना सहज सांगू शकतात.